शाळामास्तरांचं बंड

पुण्याच्या टिळक विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणाऱ्या व्यंकटेश भवानराव खेडगीकर या तरुणाने एम. ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतला तो लोकशाहीच्या विकासाचा. जन्म ३ ऑक्टोबर १९०३चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा; पण घराणं गुलबर्गा जिल्ह्यातलं, म्हणजे निजामाच्या मुलखातलं. आपले वाडवडील ज्या राज्याची रयत होते तिथे लोकशाहीचा मागमूसही नाही, हे कळायला त्याला ग्रंथालयात जायची गरज नव्हती. प्रबंध लिहून झाला, पदवी मिळाली. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काही काळ कामही झालं. पुण्या-मुंबईत राहून प्राध्यापकी करता आली असती, ग्रंथ लिहिता आले असते. तो निघाला उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा नावाच्या खेड्याकडे, तिथल्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला. पुढे संन्यास घेतल्यावर लोक त्याला स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागले.

मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची गोष्ट आपण बहुतेकदा शेवटून सांगतो. रझाकारांचे अत्याचार, सरदार पटेलांचा निर्णय, १७ सप्टेंबर १९४८ची शरणागती. सप्टेंबरात झेंडावंदनाच्या भाषणांत हेच येतं. मला त्याआधीची पंधरा-सतरा वर्षं जास्त मोलाची वाटतात. हा लढा शाळांच्या पडव्यांत तयार झाला. तो उभा करणाऱ्यांमध्ये मास्तर होते, गणिताचे पदवीधर होते, वसतिगृहातून हाकलून दिलेले विद्यार्थी होते. सोयगावसारख्या सरहद्दीवरच्या गावांना १९४७-४८मध्ये जे दिवस बघावे लागले, त्यांचा उगमही याच शाळांपर्यंत मागे जातो.

आधी ते राज्य काय होतं ते बघू. हैदराबाद संस्थान ८२ हजार चौरस मैलांहून मोठं. १९४१च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. तेलंगणाचे जिल्हे, कर्नाटकाचे जिल्हे, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. १९११पासून गादीवर मीर उस्मान अली खान. त्याचा शब्द म्हणजे फर्मान आणि फर्मान म्हणजे कायदा. जवळपास एक तृतीयांश मुलूख जहागिरदारांच्या हाती. त्याखेरीज ‘सर्फेखास’ नावाची निजामाची खासगी जमीन वेगळीच. अरवमुदु अय्यंगार समितीने राज्यकारभारात सुधारणा सुचवल्या, १९३९ साली त्यांची घोषणाही झाली, पण कायदेमंडळ प्रत्यक्ष भरायला १९४६ उजाडलं. तेही असं की सत्तेला त्याचा धक्का लागू नये.

या राज्याने एक मोठं कामही केलं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळे विषय उर्दूत शिकवण्यासाठी भाषांतराचं एक स्वतंत्र खातं उभं राहिलं. इंग्रजीच्या काळात भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो फार धाडसी प्रयोग होता. दोष इतकाच, की मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती. बीडच्या शेतकऱ्याचं पोर शाळेत बसलं की गणितही उर्दूतून आणि भूगोलही उर्दूतून. शंभरात दहा माणसंसुद्धा साक्षर नव्हती यात नवल ते काय? बरं, लोकांनी स्वतः शाळा काढावी तर तिला सरकारची परवानगी हवी. तालमीला परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’ नावाच्या हुकुमाने सभेला परवानगी. कीर्तन-प्रवचनांवरही पोलिसांची नजर.

अशा राज्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१मध्ये सुरू झाली, असहकाराच्या लाटेत. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी ती उभी केली. मराठीतून शिक्षण, सूतकताई, व्यायाम, देशाचा इतिहास, आणि सरकारी मदतीवाचून चालवण्याचा हट्ट. खेडगीकर १९२९मध्ये तिथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि तिथे असतानाच त्यांनी संन्यासाची दीक्षा घेतली. भगवं नेसलेला हा मुख्याध्यापक मठात जाऊन बसला नाही, वर्गात उभा राहिला. मराठवाड्यातल्या पुढच्या पिढीच्या कितीतरी कार्यकर्त्यांचा पहिला धडा हिप्परग्यात झाला.

शाळेच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाल्यावर १९३५मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला आले. त्या वेळी कागदोपत्री गावाचं नाव मोमिनाबाद. तिथली योगेश्वरी शाळा त्यांनी हाती घेतली. सोबत बाबासाहेब परांजपे होते, जे पुढे १९५२च्या पहिल्या निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. अंबाजोगाईच्या या तीन वर्षांकडे इतिहासकारांनी द्यावं तितकं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. शाळा म्हटली की पालक येतात, देणगीदार येतात, शेजारच्या गावचे लोक मुलांना सोडायला येतात. सभेला बंदी असलेल्या राज्यात माणसांनी एकत्र जमण्याची ती एक जागा होती. गावोगावचे धागे मास्तरांच्या हातात आले ते इथेच. नंतर भूमिगत काम करायची वेळ आली तेव्हा हेच धागे कामी आले. कोणत्या गावात कोणाच्या घरी उतरायचं, कोणावर भरवसा ठेवायचा, हे शाळेने आधीच ठरवून दिलं होतं.

१९३७च्या जूनमध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. मागण्या अगदी साध्या. मातृभाषेतून शिक्षण द्या, सभा घ्यायला मोकळीक द्या, जबाबदार राज्यपद्धती द्या. दुसऱ्या वर्षी लातूरला दुसरं अधिवेशन झालं. त्यानंतर स्वामीजींनी शाळा सोडली आणि हैदराबाद गाठलं. शाळेत माणूस घडतो हे खरं, पण ज्या राज्यात शाळाच चालू देत नाहीत तिथे आधी राज्याचा प्रश्न सोडवावा लागतो, असा त्यामागचा हिशेब होता.

निजाम सरकारनेही आपला हिशेब केला होता. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, तिच्यावर बंदी आली. जन्माला न आलेल्या संघटनेवर बंदी घालणारं सरकार किती घाबरलेलं असेल! २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. तीनच दिवसांनी स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि अठरा महिन्यांची शिक्षा घेतली.

तुरुंगाबाहेर त्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली आणि तिची ठिणगी औरंगाबादची. तिथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. ते म्हणायचं नाही असा हुकूम निघाला, मुलांनी तो मानला नाही. बघता बघता हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोहोचलं आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी झाली. त्यांना संस्थानात शिक्षणाचं दार बंद झालं. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. बाकीच्यांपैकी बरेच जण शिकून परत मराठवाड्यात आले आणि लढ्यात पडले. नाव कापून सरकारने ज्यांना घालवलं, ते पदवी आणि निश्चय दोन्ही घेऊन परतले.

याच सुमारास औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ या लढ्यात आले. जन्म २४ जुलै १९११. गणितात एम. एस्सी., सोबत कायद्याची पदवी, दोन्ही कोलकात्याची. कोलकात्यात कामगार चळवळ जवळून पाहिलेली, मार्क्स वाचलेला. संस्थानात परतून शिक्षकाची नोकरी धरली आणि ती थोड्याच दिवसांत सोडूनही दिली. भगव्या कपड्यातला गांधीवादी संन्यासी आणि खादीतला डाव्या विचारांचा गणिती, ही जोडी वरवर जुळणारी नव्हती. स्टेट काँग्रेसमध्ये मवाळ गट होता. निजामाशी तडजोड करून काही पदरात पाडून घ्यावं असं त्याला वाटे. त्याच्यापुढे स्वामीजी आणि गोविंदभाई दोघांनी मिळून एकच गोष्ट लावून धरली: सत्ता लोकांकडे, त्याखाली काही नाही. संघटना अनेकदा फुटायला आली आणि तरी टिकली, त्याचं बरंचसं श्रेय मी या दोघांच्या एकमेकांवरच्या विश्वासाला देतो.

१९४० साली गांधीजींच्या संमतीने स्वामीजींचा वैयक्तिक सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. १९४२ला पुन्हा तुरुंग. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती १९४६च्या जुलैमध्ये. दरम्यान तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता, आणि इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रं लातूरच्या कासीम रझवी या वकिलाकडे आली होती. तिच्या रझाकार दलाची वाढ सुरू झाली ती इथून.

१९४७च्या जूनमध्ये निजामाने जाहीर केलं की आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही. त्याच महिन्यात मुशिराबादला स्टेट काँग्रेसचं पहिलं खुलं अधिवेशन झालं. स्वामीजींनी भारतात सामील व्हा ही मागणी रोखठोक मांडली. ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला सगळा देश झेंडे उभारत होता, तेव्हा संस्थानात तिरंगा लावणं हा गुन्हा होता आणि स्वामीजी अटकेत होते. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, स्वामीजींची सुटका झाली, आणि २६ जानेवारी १९४८ला पुन्हा अटक. ते सुटले थेट संस्थान शरण आल्यावर.

आता सोयगावकडे येतो. नकाशा समोर ठेवला की या गावाचं त्या वर्षातलं स्थान लगेच ध्यानात येतं. औरंगाबाद जिल्ह्याचा बाकी बहुतेक भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या वर, पठारावर. सोयगाव मात्र खाली, खान्देशाच्या सपाटीला लागून. जिल्ह्याच्या गावी जायचं तर हळद्याचा घाट चढा किंवा फर्दापूरहून अजिंठ्याचा. उतरायचं तर वेताळवाडीच्या किल्ल्याच्या पायथ्याने उतरा. उलट पाचोरा, शेंदुर्णी, पहूर ही गावं सपाटीवरून हाकेच्या अंतरावर, आणि पाचोरा-जामनेर ही अरुंद लोहमार्गाची गाडी त्यांना जोडणारी. राज्य निजामाचं, व्यवहार खान्देशाशी. खान्देशातले लोक या मुलखाला मोगलाई म्हणत. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार, आणि सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. मधे करोडगिरीचं नाकं. कापसाची गाडी असो की गुळाची ढेप, जकात दिल्याशिवाय पुढे सरकत नसे.

याच तालुक्यात अजिंठ्याची लेणी. ती नीट राहावीत म्हणून निजाम सरकारने इटलीहून चित्रांचे जाणकार आणवले होते. पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी या चित्रांवर जे ग्रंथ काढले ते आजही अभ्यासकांना लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंती जपणाऱ्या त्याच सरकारला फर्दापुरातल्या माणसाने चार लोक जमवून बोललेलं चालत नव्हतं. याझदानींच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. तरी विद्वानाने राज्याच्या आश्रयाने काम करणं हा एक मार्ग आणि गोविंदभाईंनी नोकरी सोडून लढ्यात उतरणं हा दुसरा, हे दोन्ही एकाच काळात घडले, हे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

स्वामीजी तुरुंगात गेल्यावर लढ्याची सूत्रं कृती समितीकडे आली. दिगंबरराव बिंदू तिचे अध्यक्ष. संस्थानाला चारही बाजूंनी वेढणाऱ्या भारतीय हद्दीत छावण्या उभ्या राहिल्या. सोलापूरच्या बाजूला, गदगच्या बाजूला, विजयवाड्याच्या बाजूला, वऱ्हाडात उमरखेडला. औरंगाबाद जिल्ह्याच्या बाजूचं मुख्य ठाणं मनमाड, आणि तिथे गोविंदभाई. लोहमार्गांचं मोठं जंक्शन, संस्थानाची हद्द जवळ, माणसं आणि निरोप हलवायला सोयीचं.

लढ्याची कामं काय होती तेही बघण्यासारखं आहे. जंगल सत्याग्रह करायचा. शिंदीची झाडं तोडायची, कारण ताडी-शिंदीच्या मक्त्यातून सरकारला उत्पन्न मिळे. लेव्हीचं धान्य द्यायचं नाही. पटेल-पटवाऱ्यांनी राजीनामे द्यायचे. करोडगिरीची नाकी जाळायची, दप्तरं जाळायची. प्रत्येक कामाचा नेम एकाच ठिकाणी: राज्याचा पैसा आणि राज्याचा कागद. शिकल्यासवरल्या माणसांनी आखलेली ही मोहीम होती आणि ती खेड्यातल्या माणसाला चटकन समजली. नाकं हे सरहद्दीवरच्या शेतकऱ्याचं रोजचं दुखणं होतं.

पुढे रझाकारांची धाड पडू लागली आणि छावण्यांना बंदुका घ्याव्या लागल्या. गावं जळाली, लोक रात्री मुलंबाळं घेऊन घाट उतरले, हद्द ओलांडून खान्देशात, नगरमध्ये, वऱ्हाडात जाऊन राहिले. घाटाखालच्या गावांना ही हद्द जवळ होती. पठारावरच्यांना ती एका रात्रीची पायपीट होती. गांधीजींना मानणाऱ्या संन्याशाच्या संघटनेने शस्त्र धरावं की नाही, यावर त्या वेळीही वाद झाला आणि आजही होतो. स्वामीजींनी आपल्या इंग्रजी आठवणींच्या पुस्तकात हा काळ झाकलेला नाही, सहकाऱ्यांनी जे केलं त्याच्यापासून अंगही चोरलेलं नाही. मला त्यांची बाजू पटते. निःशस्त्र गावावर हत्यारबंद टोळी चालून येते तेव्हा गावाच्या रक्षणाला उभं राहणं हे कर्तव्यच होतं. त्याच लढ्यात ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. सुमारे २० लाख रुपये हाती आले आणि ते छावण्यांच्या खर्चाला लागले. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच हा दिवस.

हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असं सांगणारे तेव्हाही होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी उर्दूत रझाकारांविरुद्ध लिहिलं आणि हैदराबाद भारतात यावं असं मांडलं. ऑगस्ट १९४८मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारण्यात आलं. तिशीही न गाठलेला तो संपादक या लढ्याचा हुतात्मा आहे आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत त्याचं नाव घेतलं गेलं पाहिजे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १५ तारखेला औरंगाबाद ताब्यात आलं. १७ला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ला जनरल अल इद्रूस मेजर जनरल जयंतनाथ चौधरींसमोर शरण आले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत उस्मानाबाद, बीड, नांदेड, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या घरात धरला होता. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आलाच नाही. मुक्तिदिनाच्या भाषणात हा मजकूर येत नाही. तो यायला हवा. ज्या मास्तरांनी जात-धर्म न बघता मुलं शिकवली, त्यांच्या लढ्याचा इतिहास अर्धा सांगणं त्यांनाच कमीपणा आणतं.

विजयानंतर हे लोक काय करत होते? सत्तेच्या खुर्चीसाठी स्वामीजी आणि गोविंदभाई दोघेही थांबले नाहीत. स्वामीजी १९५२मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले, आणि ज्या हैदराबाद राज्यासाठी जन्म घालवला ते भाषेच्या पायावर मोडावं असा आग्रह त्यांनीच धरला. १ नोव्हेंबर १९५६ला ते मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. २२ जानेवारी १९७२ला त्यांचं निधन झालं. नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांच्या नावाने सुरू झालं. गोविंदभाई औरंगाबादच्या सरस्वती भुवन संस्थेच्या कामात पुन्हा शिक्षणाकडे वळले आणि शेवटपर्यंत मराठवाड्याच्या विकासाचा हिशेब सरकारकडे मागत राहिले. २००२च्या नोव्हेंबरात ते गेले. याच छावण्यांतून आलेले अनंत भालेराव संपादक झाले आणि त्यांनी या लढ्याचा जो इतिहास लिहिला, तो वाचल्याशिवाय मराठवाड्यावर कोणी बोलू नये.

त्या इतिहासात मोठी नावं आली. सरहद्दीवरच्या खेड्यांतली थोडीच आली. सोयगाव, बनोटी, जरंडी, फर्दापूर, सावळदबारा इथल्या ज्या घरांनी तेव्हा रात्री दार उघडून निरोप्याला भाकरी दिली, घाट उतरून आलेल्या कुटुंबाला आसरा दिला, त्यांच्या आठवणी सांगणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांना वह्या देऊन या घरांत पाठवा. नाव, गाव, साल, जे सांगतील ते लिहून घ्या, हिंदू घरातलं आणि मुसलमान घरातलंही, आणि त्याची एक प्रत आपल्या शाळेच्या कपाटात, दुसरी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्थेत जमा करा.